इंच म्हणजे अडीच

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या बाजारपेठ मित्रमंडळाचा गाडा एकहाती ओढणाऱ्या आदरणीय संजीवनीताई, व्यासपीठावर बसलेले कापडाचे व्यापारी रावजीशेठ, ज्यांच्यासाठी आपण आज भरदुपारी दुकानांच्या फळ्या लावून इथं जमलो ते सत्कारमूर्ती दत्तारामभाऊ आणि त्यांच्या सौभाग्यवती, सूत्रसंचालक सुनील, आणि समोर बसलेल्या महाडच्या व पोलादपूरकडच्या माझ्या बंधूंनो, भगिनींनो, आणि ज्यांना मी एकेकाळी बाकावर उभं केलं अशा माझ्या विद्यार्थ्यांनो, सर्वांना माझा नमस्कार.

सुनीलनं मला पाच मिनिटं दिली आहेत. पाच मिनिटं म्हणजे तीनशे सेकंद, एवढं रूपांतर मला अजून बिनचूक येतं. त्यापुढचं मात्र गेल्या आठवड्यापासून काहीच खात्रीनं सांगता येत नाही. तेव्हा बोलताना मी कुठं अडखळलो, मागेपुढे झालो, तर वयाला दोष देऊ नका. कारण वेगळं आहे आणि ते सांगण्यासाठीच मी उभा आहे.

दत्तारामभाऊंची ओळख मी महाडकरांना काय करून द्यावी? एसटी स्टँडच्या वळणावरच्या त्या दुकानात ते एक्केचाळीस वर्षं चपला-बूट शिवत बसले. चाळीस की एक्केचाळीस, यावर आमच्या समितीत दोन बैठका झाल्या. येत्या गुरुवारी दुकान कायमचं बंद करून ते सावित्रीकाठी तुडीलला, आपल्या गावी राहायला जाणार. त्यांचं मानपत्र लिहायचं काम ताईंनी माझ्यावर सोपवलं. म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही बत्तीस वर्षं शाळेत शिकवलंत, तुमचं मराठी शुद्ध." मराठी शुद्ध आहे हो ताई. गणिताचं काय ते आता कळेलच.

मानपत्रात नुसतं गुणगान नको, थोडी माहितीही हवी, म्हणून मी वही-पेन घेऊन गेल्या सोमवारी त्यांच्या दुकानात जाऊन बसलो. आणि पहिल्याच पानावर माझी गाडी अडली. विचारलं, एका जोड्याला चामडं किती लागतं? म्हणाले, दोन फूट. मी चकित. दोन फूट लांब पाय कुणाचा? तर चामड्याचा फूट म्हणे चौरस असतो. बरं, तळाची जाडी? ती सुतात. टाच? ती इंचात. आणि बूट? तो नंबरात. मी विचारलं, "दत्तारामभाऊ, सात नंबर म्हणजे किती इंच?" ते म्हणाले, "मास्तर, सात नंबर म्हणजे सात नंबर." मी वहीत तसंच लिहून घेतलं. ज्यांना सूत ठाऊक नाही अशा नव्या मुलांसाठी सांगतो, इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. सुतार, गवंडी, दत्तारामभाऊ, सगळे सुतात बोलतात. सोळा नव्हेत ना रे? आठच. बरोबर. मागून कुणीतरी आठ म्हणालं, आभारी आहे.

आता थोडं मागं जातो. साल पंच्याण्णव, म्हणजे नऊ वर्षांमागचं; मी तेव्हा पोलादपूरकडं उमरठच्या शाळेत शिकवत होतो. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरावर जी वाडी आहे, तिथून एक मुलगी माझ्या पाचवीच्या वर्गात यायची. आवडी तिचं नाव. ती आज या सभागृहात आहे, तिसऱ्या रांगेत, वडिलांच्या शेजारी. तिच्या परवानगीनं बोलतोय. आवडीचा उजवा पाय जन्मापासून डाव्याहून थोडा आखूड. तास-दीड तासाचा डोंगर उतरून यायची आणि तेवढाच चढून जायची. गणितात वर्गात पहिली. तिचे वडील येसाजीराव यांची जनावरं होती, नाचणीचं शेत होतं, आणि मुलीला शाळेत पाठवावं की नाही याबद्दल त्यांचं मत ठाम होतं. ते मला म्हणाले होते, "मास्तर, पोर लंगडते. तिला रोज डोंगर उतरवायचा नि चढवायचा कशाला? घरी ऱ्हाऊन वासरं राखील." मी चार वेळा वाडीवर चढून गेलो. चौथ्या वेळी ते म्हणाले, "तुमी सांगता म्हणून धाडतो. तुमचा शब्द खोटा पडला तर मंग नाय धाडायचो."

हे वाक्य लक्षात ठेवा. माझ्या लक्षात राहिलं नाही, पण ज्या व्यक्तीच्या राहायला हवं होतं तिच्या राहिलं.

त्या वर्षी महाडला हाडांच्या डॉक्टरांचं शिबिर झालं. मी येसाजीरावांना आणि आवडीला घेऊन गेलो. मुंबईहून आलेले डॉक्टर, भली मोठी रांग. त्यांनी मुलीला तपासलं, पाय मोजले, एका कागदावर इंग्रजीत काही ओळी खरडल्या आणि सांगितलं, उजव्या बुटाचा तळ एवढा उंच करून घ्या. कागदावर आकडा होता दोन पूर्णांक पाच. आकड्यापुढं एक वळवळ होती. डॉक्टरांचं अक्षर, तुम्ही जाणताच. सही असेल असं मला वाटलं.

इथं माझ्या वर्गाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या पाठ्यपुस्तकात मीटर, सेंटिमीटर. घरी मुलाचा बाप सुताराला सांगणार फूट आणि इंच. मुलं बिचारी दोन दगडांवर पाय ठेवून उभी. म्हणून मी एक युक्ती काढली होती. मी विचारायचो, "इंच म्हणजे?" आणि वर्ग छप्पर उडेल असा ओरडायचा, "अडीच!" यमक जुळतं, तोंडात बसतं. पाहा, हसताहेत. म्हणजे अजून आठवतंय. खरं तर इंच म्हणजे दोन पूर्णांक चौपन्न शतांश सेंटिमीटर, पण खेड्यातल्या पोराला चौपन्न शतांश कशाला पाजायचे? अडीच पुरे. दहा-बारा वर्षं मी रोज हे ओरडून घेत होतो. या घोषणेत सेंटिमीटर हा शब्दच नाही, हे मला तेव्हा सुचलं नाही.

तर माझ्या हातात दोन पूर्णांक पाचचा कागद. दत्तारामभाऊंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी, शिकला-सवरलेला माणूस, माझ्या वळणदार अक्षरात एक मराठी चिठ्ठी लिहिली. येसाजीराव ती घेऊन दुकानात गेले. डॉक्टरांचा कागद आवडीकडे राहिला, तिनं तो गणिताच्या पुस्तकात ठेवला.

आठवड्यानं बूट आला. मी वर्गात टाळ्या वाजवायला लावल्या. मुलगी उभी राहिली, चालली, आणि ती आता दुसऱ्या बाजूला कलत होती. मी म्हणालो, सवय नाही, होईल सवय. तीन आठवडे ती तो बूट घालून डोंगर चढली-उतरली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथं पायापेक्षा बूट जड होता. ती एक शब्द बोलली नाही. शेवटी येसाजीराव शाळेत आले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, गोंधळाचा होता. म्हणाले, "मास्तर, पोर आदी उजव्या पायान लंगडायची. आता डाव्यान लंगडते. पाय बदलला काय?"

मला काहीच उमजेना. डॉक्टर बरोबर, कागद बरोबर, मी तर बरोबर असणारच. मग राहिलं कोण? बूट शिवणारा. सुतावरून स्वर्ग गाठतात तसा मी तिथल्या तिथं निष्कर्षाला पोचलो. दुसऱ्या दिवशी बापलेकीला एसटीत घातलं आणि महाडला आणलं.

आज सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी दुकानाच्या पायरीवर उभा राहून बोललो. बाजाराचा दिवस होता, माणसं थांबून ऐकत होती. एरव्ही मी यांना दत्तारामभाऊ म्हणायचो, ते माझ्याहून सात वर्षांनी मोठे. त्या दिवशी माझ्या तोंडून आलं, "अरे दत्ताराम, तुला साधं माप कळत नाही?" पुढचं मी बोललो ते इथं बोलवत नाही. ते ऐकून घेत होते. त्यांचा हात हळूच वर गेला. दुकानात एक तार लटकवलेली असायची, तिच्यात ते गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या ओवून ठेवायचे, तिकडं. मग कुणास ठाऊक का, हात तिथंच थांबला. रस्त्यापलीकडच्या हॉटेलवाल्यानं मला आणि येसाजीरावांना चहाला ओढून नेलं. आवडी दुकानातच बसली होती.

चहा पिऊन परत आलो तर दत्तारामभाऊ उभे राहिले आणि जमलेल्या लोकांसमोर म्हणाले, "मास्तर, माप माझंच चुकलं. मी दुसरा तळ लावून देतो."

मी काय केलं? मी मान हलवली. मोठेपणानं माफ केल्यासारखी.

त्यांनी मुलीला एका पाटावर उभं केलं आणि तिच्या उजव्या टाचेखाली चामड्याच्या पातळ चकत्या एकावर एक सरकवत गेले. स्वतः तिच्या मागं बसले. एक चकती घातली की तिच्या खांद्यांकडं बघायचे, दोन्ही वेण्यांची टोकं एका रेषेत येतात का बघायचे. मध्येच तिला चालवायचे. शेवटी थांबले. तो तळ लावला आणि मुलगी सरळ चालत स्टँडवर गेली. येसाजीराव तिच्या मागून चालत होते आणि नुसते तिच्या पाठीकडं बघत होते. त्या बुटाला मी पट्टी लावली का? नाही. मापं शिकवणारा माणूस मी, खिशात सहा इंची पट्टी, पण किती होतं, किती झालं, हे मोजलं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान.

एवढ्यावर थांबलो असतो तरी बरं. पुढच्या वर्षापासून मापाचा धडा आला की मी मुलांना गोष्ट सांगायला लागलो. माप चुकलं तर काय होतं? महाडच्या दत्तारामच्या बुटासारखं होतं. मुलं हसायची. आठ तुकड्या हसल्या. इथं बसलेत त्यातले काही. आता खाली बघू नका रे, तुमचा काय दोष? तुम्ही घरी जाऊन ते सांगितलंत, घरच्यांनी शेजारी सांगितलं. पोलादपूरकडून पायाचं काही खास काम असलं की लोक ते पनवेलला न्यायला लागले. हाताचा चांगला पण मापाचा कच्चा, असं नाव झालं. माणसं साध्या चपलेला यायची, बाकी नाही.

आता गेल्या सोमवारकडं येतो. मी वही घेऊन दुकानात बसलेलो. ते सामान आवरत होते. ती तार त्यांनी खिळ्यावरून काढून माझ्या हातात दिली, "जरा धरा." जुन्या चिठ्ठ्या, तारेच्या गंजाचे डाग पडलेल्या, कडा काळ्या झालेल्या. मी सहज चाळत होतो आणि मला एक अक्षर दिसलं. सुंदर, गोल, वळणदार अक्षर. शाळेत फळ्यावर असतं तसं. "कु. आवडी येसाजी हिच्या उजव्या बुटाचा तळ अडीच इंच उंच करावा." खाली माझी सही. दत्तारामभाऊंनी मान वळवली, चिठ्ठी बघितली आणि हात पुढं केला. "ऱ्हाऊ द्या मास्तर, ती जुनी हाय."

मी ती चिठ्ठी पुन्हा वाचली. अडीच इंच. डोक्यात वर्ग ओरडत होता, आणि डॉक्टरांच्या आकड्यापुढची ती वळवळ सही नव्हती, सेंटिमीटर होती. अडीच सेंटिमीटर म्हणजे एक इंच, हे मी हजार मुलांकडून पाठ करून घेतलं आणि स्वतःच्या हातानं सेंटिमीटरच्या जागी इंच लिहून बसलो. एवढ्याशा मुलीच्या पायाखाली मी अडीच पट उंची दिली. यांनी काय केलं होतं? माझ्या चिठ्ठीत होतं ते, तसंच्या तसं, अडीच इंच, सुताचाही फरक नाही. यांचं माप बरोबर होतं. चूक माझी आणि ओरडलो मीच. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

मी विचारलं, "तुम्ही त्याच दिवशी ही चिठ्ठी माझ्या तोंडावर का मारली नाहीत?"

त्यांनी हातातली आरी पुसून पेटीत ठेवली. मग म्हणाले, "पोर नको बोलली."

तुम्ही ओरडत होतात तेव्हाच पोरीनं मानेनं नको म्हटलं, ते सांगू लागले, तुम्ही चहाला गेलात तेव्हा मी परत चिठ्ठी काढायला उठलो. तर पोरीनं दप्तरातल्या पुस्तकातून डॉक्टरचा कागद काढून दाखवला. कंपासमधली पट्टी बुटाला लावून दाखवली. सहा पूर्णांक तीन सेंटिमीटर. म्हणाली, "मामा, ह्यो कागद अडीच सेंटिमीटरचा हाय. मास्तर चुकलं. पन तू ती चिट्टी दाखवू नको. बाबा मास्तरांच्या शब्दावर मला शाळंत धाडतो. मास्तरच चुकलं असं कळलं तर माजी शाळा गेली." दहा वर्षांची पोर. तीन आठवडे तो बूट तिनं याच भीतीनं पायात ठेवला होता. तिनं मला चूक सांगावी तर शाळा जाते, न सांगावी तर कंबर जाते.

दत्तारामभाऊ मला म्हणाले, "मग मी म्हटलं, माझं माप चुकलं म्हणून कुणाची शाळा तर जात नाय."

त्यांनी एवढं सांगितलं आणि पुन्हा सामान बांधायला लागले. मंडळी, मी अजून या वाक्यातून बाहेर आलेलो नाही.

एक गोष्ट मात्र मला अजून कळत नाही, ती कबूल करतो. डॉक्टरांचे अडीच सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ आठ सूत. यांनी पाटावर उभं करून जो तळ लावला तो सहा सुतांचा. मी म्हटलं, म्हणजे दोन सूत कमीच की. मग बरोबर कोण, डॉक्टर की तुम्ही? ते म्हणाले, "दोघंबी. सगळंच भरून द्यायचं नसतं मास्तर, पाय अवघडतो. थोडं त्याचं त्याला ठेवायचं." नंतर मी एका डॉक्टरांना विचारलं, तेही म्हणाले, पूर्ण भरत नाहीत. मी दोन दिवस कागदावर आकडेमोड करतोय. आठ सूत बरोबर आणि सहा सूतही बरोबर, हे कुठल्या कोष्टकात बसवायचं? आवडीला विचारलं. तिनं आयटीआयला ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, आता इथंच एका ठेकेदाराकडं घरांचे नकाशे काढते. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे सगळं मिलिमीटरमध्ये असतं." तिनं मला आणखी एक एकक दिलं आणि विषय संपवला.

मानपत्रात मी "बिनचूक माप" हे दोन शब्द घातले. रावजीशेठ, राग मानू नका, तुम्ही मसुदा वाचून मला म्हणालात, "गुरुजी, तेवढं काढा. पोलादपूरकडचे लोक हसतील." शेठ, तुमचं चुकलं नाही. हसले असते. मीच त्यांना हसायला शिकवलं होतं. पण ते शब्द मी काढलेले नाहीत. चौकटीत बसवून ते मानपत्र तुमच्यासमोर ठेवलंय, थोड्या वेळात ताई ते वाचतील. वाचताना कुणी हसू नये म्हणून हे सगळं आधी बोललो.

येसाजीराव उभे राहिलेत. बोला, येसाजीराव. सुनील, माईक तिकडं पोचत नाही, थांब. काय म्हणालात? मागच्यांना ऐकू आलं नसेल, मी सांगतो. ते म्हणताहेत, "मास्तर, मंग मी नऊ वर्सं ह्यांच्या दुकानावरनं तोंड फिरवून जात व्हतो, त्याचं काय?"

येसाजीराव, ती नऊ वर्षं माझ्या नावावर मांडा. मी फार वर्षं उत्तरं दिली, त्यातली किती बरोबर होती हेही आता ठाऊक नाही. तुम्ही तोंड फिरवलंत ते माझ्या शब्दावर. तुमच्या मुलीला शाळेत धाडलंत तेही माझ्याच शब्दावर. एक खरा निघाला, एक खोटा. तुम्ही बसा किंवा इकडं या, जे मनाला वाटेल ते करा.

दत्तारामभाऊ मघापासून मला हातानं खूण करताहेत, पुरे, बसा म्हणून. सोमवारीही "ऱ्हाऊ द्या" म्हणाले होते, आणि मी ऐकलं असतं तर ते गुरुवारी तुडीलला गेले असते आणि त्यांच्यामागं महाडात "मापाचा कच्चा" हेच वाक्य राहिलं असतं. म्हणून बसत नाही.

पाच मिनिटांची पंचवीस झाली असतील, सुनील आता माझ्याकडं बघतही नाही. अध्यक्षा ताई, आपण मला बोलू दिलंत, आपले आभार. रावजीशेठ, मंडळाचे कार्यकर्ते, डोंगर उतरून आलेली मंडळी, सगळ्यांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर तुम्ही सांभाळून घ्याल, आजवर घेतलंच आहे. पण एक चूक सांभाळून घ्यायचा अधिकार या सभेला नाही, तो एकाच माणसाला आहे. दत्तारामभाऊ, त्या दिवशी भर बाजारात मी तुम्हाला अरे म्हणालो. तुमचं माप बरोबर होतं, चूक माझी होती. हे भर बाजारातच सांगायला हवं होतं. आज तुमच्यासाठी बाजार बंद आहे आणि सगळा बाजार इथं बसलाय, म्हणून इथं सांगतो. मला माफ करा.